फेरपडताळणी

फैजपुरात, वेफर्सच्या दुकानाशेजारच्या जिन्याने
मी वर गेले तेव्हा खाली कढईत केळी तळली जात होती
आणि वर मी.
मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
आमच्या जिल्ह्यात बाईच्या अंगातून वाफ निघाली
तर कुठून निघाली ते कुणी विचारत नाही.
"ऊन आहे," म्हणतात, आणि पंखा तुमच्याकडे वळवतात.

जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला होता.
सीमेवर आहे म्हणाले, वयाचं आहे म्हणाले,
तोवर पुढचा नंबर आत आलासुद्धा.

दारावर पाटी: हार्मोन समतोल, औषधाविना.
वारके मॅडमच्या टेबलावर तपकिरी बाटल्या, चौदा.
थायरॉइड, ॲड्रिनल, ईस्ट्रोजन...
चिठ्ठ्या हाताने लिहिलेल्या, 'र'ची शेपटी लांब.
"डाव्या मुठीत बाटली धर, बेंबीजवळ.
उजवा हात आडवा, ताठ. मी दाबते, तू मले हटव."
मनगटावर दोन बोटं.
पहिल्या बाटलीला हात तसाच. दुसरीलाही.
थायरॉइडला असा पडला
की मीच त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहिले.

सांगायला हवं, मी वजनं तपासते.
वैधमापन निरीक्षक, एकवीस वर्षं.
सावदा, रावेर, यावल, केळीच्या काट्यांवर माझा शिक्का.
रिकाम्या पारड्यांचा काटा कुठे थांबतो ते आधी बघायचं,
मग वजनांची अदलाबदल, डावीकडचं उजवीकडे.
दांडीच्या भुजा असमान असतील तर चोरी तिथेच सापडते.
आणि इथे माझीच भुजा झाली होती दांडी
आणि ती मी कधी तपासलीच नव्हती.

"मॅडम, एक करू या? चिठ्ठ्या झाकून."
वाटलं, चिडेल.
तिने खणातून चिकटपट्टी काढली, एकेक बाटली गुंडाळली,
वर स्वतःचे डोळेही मिटून घेतले.

या खेपेला हात पडला तो पाचवीला.
पट्टी सोलली.
बाटली रिकामी, गेल्या दिवाळीपासून धुऊन ठेवलेली.

खालून तेलाचा वास येत राहिला.
मग तिने वही ओढली.
"रात्री किती डाव उठते?"
तीनदा.
"उशी पालटते?"
पालटते.
"नवऱ्यावर वरडते, मंग रडते?"
उलटं, म्हणाले. आधी रडते.
'आधी रडते' तिने लिहून घेतलं.
अकरा महिन्यांत हे कागदावर पहिल्यांदाच आलं.
तिच्याही कानामागून ओघळ निघाला होता.
"मले बी," म्हणाली, "दोन वर्सं झाले."
मग तुमचा हात कोण दाबतं?
"कोन दाबीन व? मीच."

निघताना पाकिटं दिली.
अमावस्या ते पौर्णिमा जवस, पौर्णिमा ते अमावस्या तीळ.
साडेतीनशे रुपये.
हीच जवस आईने कुटून, लसूण घालून
कळण्याच्या भाकरीवर वाढली होती जन्मभर,
चंद्राला न विचारता.

सोमवारी ऑफिसात, दार लोटून,
जवसाचं पाकीट प्रमाण तराजूवर ठेवलं,
काचेच्या पेटीतला तो, श्वासानेही हलणारा.
छापील अडीचशे. भरलं दोनशे अडतीस.
बारा ग्रॅम कमी, आणि सूट नऊची.
नियम मला पाठ आहे.
नोटिशीचं पुस्तक उघडलं, तारीख घातली,
'वारके' लिहिताना माझ्याही 'र'ची शेपटी लांबली
आणि तेवढ्यात छातीतून ती वर चढली,
गळा, कान, टाळू.

पेन ठेवलं.
पेटीची काच उघडीच राहिली होती,
माझ्या धापेने काटा इकडे तिकडे.
बसून राहिले, बघत,
आमच्यापैकी आधी कोण थांबतं.